फणीबुवांची अमानत

फणीबुवांच्या डोक्यावर एक केस नव्हता. कपाळ कुठे संपते आणि डोके कुठे सुरू होते, हे पागोट्यामुळेच कळायचे. आणि त्या पागोट्यात, उजव्या कानाच्या वर, शिंगाची एक फणी खोचलेली असायची. अंजनगाव सुर्जीच्या बाजारात नवा आलेला माणूस ती फणी पाहून हसायचा. जुने लोक हसत नसत. मी नवा होतो, त्यातून सरकारी होतो, आणि चांगला मोठ्याने हसलो.

वऱ्हाड तेव्हा मध्य प्रांताला जोडलेला होता. हुकूम नागपुराहून सुटायचे आणि ते पाळायला माझ्यासारखे लोक कुठल्या कुठल्या गावी जाऊन पडायचे. मी अकोल्याचा. गुरांच्या डॉक्टरकीची परीक्षा पास होऊन आलो तेव्हा मला वाटत होते की निदान घोड्यांचा दवाखाना मिळेल. मिळाले अंजनगाव, दोन खोल्या, एक शिपाई आणि दिवसाला दहा लंगडे बैल. गावाने पहिल्याच आठवड्यात माझे नाव 'ढोरडाक्तर' ठेवले. राग तेव्हा माझ्या नाकाच्या शेंड्यावरच मुक्कामाला असे. मी बदलीचा पहिला अर्ज त्याच आठवड्यात लिहिला.

चैत्रातल्या एका सकाळी फणीबुवा दवाखान्यात आले. पन्नाशीचा, काटक, अनवाणी माणूस. गळ्यात तुळशीची माळ. डोक्यावर पानांची करंडी, वर ओले फडके. हे पानमळेवाले बारी, नव्या साहेबाला पाने द्यायला आले असतील असे समजून मी खुशीत फडके उचलले. आत पाने नव्हती. एक भिजलेले, चिकट, पांढुरके काहीतरी होते आणि त्याला दोन निळे डोळे होते.

"मांजर?" मी ओरडलो. "इथं बैल बघायला मला वेळ नाही आणि तुम्ही मांजर घेऊन आलात?"

"जनावरच हाय ना जी ते," बुवा म्हणाले. "उन्हानं मलूल झाली. पान मलूल झालं का आमी ओल्या फडक्यात ठेवतो, रोज शिपडतो, रोज फिरवतो. तशीच ठेवली तिले. पान टवटवीत होते. हे काहून नाही होऊन राह्यली?"

मला पुन्हा हसू आले. पान का सडले, न फिरवल्याने; हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. पण मांजर करंडीत घालून, पाणी शिंपडून, सकाळ-संध्याकाळ कूस पालटणारा माणूस मी तोवर पाहिला नव्हता. सारी हयात पानमळ्यात गेलेल्या माणसाच्या हातूनच ही चूक व्हावी. हसता हसता माझे लक्ष त्यांच्या हातांकडे गेले. ते तेव्हाही करंडीत त्याची कूस पालटत होते. मग मात्र मी मांजर तपासायला घेतले.

अंगात ताप होता. वीतभर लांब केसांच्या ओल्या गाठी झाल्या होत्या आणि त्यांच्याखाली कातडी लाल पडली होती. मी रुबाबात सांगितले, "सगळे केस कापून टाका. मेंढीसारखी भादरा."

"ते नाही होनार जी."

"का?"

"केस माहे नाहीत. मांजर बी माही नाही. अमानत हाय."

मग त्यांनी सांगितले ते असे. तो हिवाळा सरता सरता, ऊन तापायला लागल्यावर, एक काबुली घोड्यांचा सौदागर एलिचपूरकडे निघाला होता. त्याच्याजवळ पिंजऱ्यात दोन मांजरे होती, एका नवाबाला नजर करायला आणलेली. एक वाटेत मेले. दुसरे मरणाच्या दारात. पाणी मागायला तो बुवांच्या पानमळ्याच्या कुडापाशी थांबला, आणि मळ्यातली गार हवा लागताच त्या मांजराने तीन दिवसांत पहिल्यांदा मान वर केली. सौदागर ते पाहून रडला म्हणे. बुवांनी त्याला आपल्या मळ्याच्या पानाचा विडा करून दिला. विडा तोंडात असतानाच तो बोलला, "भाई, इसे रख लो. यह मेरी अमानत है. लौटकर ले जाऊंगा."

"आमच्या मळ्याचं पान तोंडात घेऊन झालेलं बोलनं, म्हंजे झालं बोलनं," बुवा म्हणाले. "आता ते मोडता येत नाही."

गाठी त्यांनी आठ दिवस बोटांनी आणि फणीने सोडवल्या. एक केस कापला नाही. पुढे पावसाळा सरल्यावर मी मुंबईहून मागवलेले एक इंग्रजी पुस्तक आले. त्यात लिहिले होते की ही लांब केसांची जात इराण आणि त्यापलीकडच्या थंड डोंगराळ मुलखातली, व्यापाऱ्यांच्या तांड्यांबरोबर देशोदेशी गेलेली. हिचे केस थंडीसारखेच ऊनही अडवतात, आणि उन्हाळ्यात ते भादरले तर कातडी भाजून निघते. माझे ऐकले असते तर ते मांजर माझ्याच औषधाने मेले असते. हे मी बुवांना कबूल केले तेव्हा ते एवढेच म्हणाले, "तुमी बैलाचे डाक्तर ना जी. बैलाले केस कुठी असतात?"

पण त्या चैत्रात मी आणखी एक सल्ला दिला होता, आणि तो बरोबर होता म्हणूनच भयंकर ठरला. मी म्हणालो, "घरात ही उन्हाळा काढणार नाही. थंड जागी ठेवा."

बुवांनी फडके पुन्हा करंडीवर ओढले. मग म्हणाले, "थंड जागा एकच हाय जी."

ती जागा म्हणजे पानमळा. ज्याने वैशाखात अंजनगावचा पानमळा पाहिलेला नाही, त्याला मी काय म्हणतो ते कळणार नाही. बाहेर काळी जमीन भेगाळलेली, वारा भट्टीतून आल्यासारखा. कुडाचे दार लोटून आत पाऊल टाकले की दुसराच मुलूख. शेवरीच्या झाडांवर चढलेल्या नागवेलींच्या ओळी, पाटाचे पाणी, हिरवा उजेड. पण त्या दाराचे नियम देवळाहून कडक. अंघोळ केल्याशिवाय आत जायचे नाही. पायताण बाहेर. कुत्र्या-मांजराची सावली नको. नागपंचमीला एकही पान खुडायचे नाही. वेल ही बाऱ्यांची देवी, आणि देवी रुसली की पोटावर पाय.

मी रोग्याची चौकशी करायला गेलो तेव्हा दारातच भांडण चालले होते. बुवांचे थोरले भाऊ, ज्यांना सगळे दादा म्हणत, दार अडवून उभे होते. बुवा अंघोळ करून ओलेत्याने उभे, कडेवर ते मांजर.

"नाम्या, मास खानारं जनावर वेलीत नेतं का कोनी? डोकं फिरलं काय तुहं?"

"दादा, तो सौदागर आपल्याच मळ्याचं पान खाऊन बोलला. ते पान काय माह्या एकट्याचं होतं?"

दादांनी वळून वेलींकडे पाहिले. मग ते हळू आवाजात म्हणाले, "आन वेल सुकली त?"

"वेल सुकली त मी मळ्यात पाय ठेवनार नाही. बोललो आज."

दादा बाजूला झाले. बुवा मांजराला कडेवरच आत घेऊन गेले आणि पाटाकडेच्या सावलीत ठेवले. अंघोळ माझी झालेली होती; मी पायातले बूट काढून मागोमाग गेलो.

तिथे मी पहिल्यांदा तिला खरोखर पाहिले. केस वाळले होते, विंचरलेले होते. गळ्याभोवती पांढरी झालर, शेपटी हातभर फुललेली, कान लहान, नाक बसके, आणि डोळे श्रावणातल्या उघडिपीच्या आभाळाचे. त्या हिरव्या उजेडात ती नुसती बसली होती. मी सरकारी माणूस, शेकडो जनावरे उलटीपालटी करून पाहिलेला. पण माझा हात पुढे होईना. असे काही आपल्या काळ्या मातीत येऊन बसू शकते याचेच मला नवल वाटले. अजून वाटते.

तिचा स्वभावही तसाच. तिने कधी दुधाच्या भांड्यात तोंड घातले नाही, म्याव म्याव करत कोणाच्या पायात घुटमळली नाही. वेलीला नख लावले नाही. बुवांनी फणी काढली की ती आपणहून एकेक पाय वर करायची आणि मग कूस बदलायची. फणी एक दिवस चुकली तर ती स्वतःचे केस चाटून गिळायची आणि मग ओकायची. त्यावर बुवांनी फुटक्या कुंडीत दूर्वा लावल्या होत्या. त्या खाऊन तिचे पोट साफ व्हायचे. बुवा माळकरी, मासळीचा वाससुद्धा न सोसणारे. पण शहानूर नदीवरच्या एका भोइणीला सांगून त्यांनी रोज चार मासोळ्यांची सोय केली होती. ती भोईण कुडाबाहेर येऊन तिला खाऊ घालायची, तेवढा वेळ बुवा तोंड फिरवून उभे राहायचे. "ते तिच्या धर्मानं जगते, मी माह्या," म्हणायचे.

फक्त एक खोड होती. हाक मारली की ती येत नसे. बाईमाणसे, गडीमाणसे, सगळे ओरडून थकले. वऱ्हाडी माणूस साधे बोलतो तेच शेजारच्या गावाला ऐकू जाते. पण ही ढिम्म. पाठीमागे उभे राहून हाका मारल्या तरी मान वळवत नसे. त्यावरून लोकांनी तिचे नाव 'बेगम' ठेवले.

वैशाखाच्या शेवटी एका दुपारी वावटळ आली आणि पश्चिमेकडचा कूड उडाला. चार दिवस झळा आत शिरल्या. त्या बाजूच्या ओळीतल्या वेली माना टाकून सुकल्या. मी डोळ्यांनी पाहिलेला कूड, डोळ्यांनी पाहिलेली झळ. दादांना जाऊन सांगितले की यात मांजराचा काही संबंध नाही.

"डाक्तरसाहेब, तुमी ढोरं पाहा," दादा म्हणाले. आवाजात राग नव्हता, म्हणून ते जास्तच लागले.

मग मी बुवांकडे वळलो. त्यांना म्हणालो, "अहो, कारण समोर दिसतंय. वारा आहे हा."

"कारन काई बी असो जी. वेल सुकली त, असं बोललो होतो म्या. वाऱ्यानं सुकली त नाही, असं कुठी बोललो होतो?"

पाने खुडायला बारी लोक अंगठ्यात लोखंडी नखी घालतात. बुवांनी ती अंगठ्यातून काढली. चाळीस वर्षे ती बोटात होती. खाली कातडीला पांढरा वळ पडला होता. नखी त्यांनी दादांच्या हातावर ठेवली, पागोटे सारखे केले आणि दाराबाहेर पडले. मला त्यांचा इतका संताप आला की मी दोन दिवस त्यांच्याशी बोललो नाही. स्वतःच्या शब्दासाठी स्वतःलाच असे हद्दपार करणारा माणूस पाहिला की आपल्याला आधी रागच येतो. त्याच्यापुढे मान झुकवायची अक्कल फार मागाहून येते.

मांजराचे काय करायचे, ते दादांनीच ठरवले. "ते राहू दे आत," ते म्हणाले. "तिचा काय गुन्हा? पान आपलं होतं." आणि ज्या दादांनी दार अडवले होते, तेच रोज सकाळी तिच्या वाडग्यात ताजे पाणी ओतू लागले.

बुवा मात्र कुडाबाहेर बसून राहायचे. आत त्यांची वेल, आत त्यांची अमानत, आणि हे बाहेर, बाभळीच्या विरळ सावलीत. कुडाच्या एका फटीतून फणी आत घालून ते तिला विंचरायचे. पण त्यासाठी ती फटीपाशी आली पाहिजे ना. ते हाका मारायचे. "बाई, ये वं. ये वं बाई." ती तीन हातांवर झोपलेली असायची आणि हलायची नाही. तिसऱ्या की चौथ्या दिवशी मी तिथेच होतो. हाका मारून मारून त्यांचा घसा बसला होता. अखेर त्या शांत माणसाचाही धीर सुटला आणि त्यांनी टाच जोरात जमिनीवर आपटली.

बेगमने मान उचलली. सरळ त्यांच्याकडे पाहिले. उठली आणि फटीपाशी आली.

बुवा माझ्याकडे पाहत राहिले. पुन्हा ती दूर जाऊन झोपल्यावर त्यांनी पुन्हा टाच आपटली. पुन्हा आली. मी बूट काढून धावत आत गेलो आणि तिच्या पाठीमागून, कानाशी, जोरात टाळी वाजवली. कानाचे टोकसुद्धा हलले नाही.

"बहिरी हाय जी ते," बुवा म्हणाले आणि त्यांचे डोळे भरून आले. "आन आपुन तिले मगरूर म्हनून राह्यलो होतो. पायानं आयकते बिचारी. जमिनीतून आयकते."

पुस्तक आले तेव्हा त्यातही तेच होते. पांढरा रंग आणि निळे डोळे एकत्र आले की ही मांजरे पुष्कळदा जन्मतः बहिरी असतात. परीक्षा पास झालेल्या मला जे पुस्तकाशिवाय कळले नसते, ते एका निरक्षर माणसाला बाभळीखाली बसून कळले. त्या दिवसापासून मी त्यांना 'बुवा' म्हणताना हसलो नाही.

पाऊस लागला आणि सुकलेल्या वेलींना बुडातून कोंब फुटले. नागपंचमी झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी दादा बाभळीखाली आले. त्यांच्या हातात नव्या वेलीचे पहिले पान होते, आणि पानावर ती लोखंडी नखी.

"वेल आली ना रे नाम्या," ते म्हणाले. "आता चाल. माह्या एकट्यानं नाही होत."

बुवांनी नखी कपाळाला लावून अंगठ्यात घातली. मग ते दारातून आत शिरले, प्रत्येक पावलाला टाच आपटत. ती चाल त्यांना कायमची लागली. बाजारात, वाटेवर, कुठेही बुवा येताना आधी जमिनीतून कळायचे.

मी अंजनगावात पाच वर्षे राहिलो. दुसऱ्या वर्षानंतर बदलीचा अर्ज लिहायचे विसरूनच गेलो. दर उन्हाळ्यात बेगम मळ्यात जायची, आता दादांच्याच कडेवरून; पुढेपुढे हिवाळ्यातही दिवसभर तिथेच असायची. दर हिवाळ्यात बुवा सौदागराची वाट पाहायचे. तो येत नसे. गाव म्हणायचे, "तो कायचा येते आता? मांजर तुमचंच झालं, बुवा." बुवा म्हणायचे, "पाच वर्स करंडीत ठेवलं म्हनून पान करंडीचं होत नाही. वेलीचंच राह्यते."

पाचव्या हिवाळ्यात, पौषातल्या एका दुपारी, दवाखान्याच्या दारात एक उंच, वाकलेला म्हातारा उभा राहिला. बरोबर एकच घोडा, तोही लंगडा. मी खूर पाहत असताना त्याने विचारले, "साहब, यहां पान के बाग में एक गंजा भाई रहता था. ज़िंदा है?"

माझ्या हातातला खूर सुटला.

वाटेत त्याने सांगितले. ती मांजरे त्याच्या आईची. घराण्यात सात पिढ्या चालत आलेली जात. आईने कधी एक पिल्लूही बाहेर दिले नव्हते. नवाबाची मर्जी व्हावी म्हणून याने दोन चोरून आणली. मागे घरी रोग आला आणि उरलेली सगळी मेली. "मां अब भी पूछती है. अंधी हो गई है. मैं कहता हूं, हिंदुस्तान में है, सलामत है. झूठ कहता हूं. अब तक कहां बची होगी?"

मी झपाझप पुढे चालू लागलो. कुडाच्या दारात त्याला उभे केले. आत बुवा पाने खुडत होते. त्यांनी वळून पाहिले, ओळखले, आणि टाच आपटली. वेलींच्या ओळीतून ती बाहेर आली. शुभ्र, विंचरलेली, शेपटी वर करून, तिच्या चालीने.

तो सहा फुटी काबुली तिच्यासमोर खाली बसला. त्याने हात पुढे केले आणि पुन्हा मागे घेतले. "नहीं भाई," तो म्हणाला, "मैं किस मुंह से ले जाऊं? अब यह आपकी है."

मला वाटले, बुवा हो म्हणतील. म्हणावे असे मला फार वाटत होते, हे आज सांगायला हरकत नाही. त्यांनी तिला उचलून घेतले, तिच्या मानेच्या झालरीत एकदा तोंड खुपसले आणि विचारले, "तुमची माय वाट पाहून राह्यली ना?"

सौदागराने मान हलवली.

"मंग न्या. थंडीचेच न्या, वाटंनं ऊन लागाले नोको. रोज फनी करजा. दूर्वा चारजा. आन हाक नोका मारू, तिले आयकू येत नाही. टाच आपटजा. मायले बी शिकवजा, तिले दिसत नाही, हिले आयकू येत नाही, दोघीचं जमंल." मग त्यांनी पागोट्यातली फणी काढून त्याच्या हातात दिली, आणि दादांनी त्याला मळ्याच्या पानाचा विडा दिला. विडा तोंडात घेऊन तो 'हां' म्हणाला. तेवढे बुवांना पुरले.

त्या फाल्गुनात माझी बदली झाली. न मागता. निरोप घ्यायला मळ्यात गेलो. बुवांच्या पागोट्यात फणीच्या जागी नुसती एक खाच राहिली होती. ते ओळीतून चालत होते, आणि प्रत्येक पावलाला टाच तशीच आपटत होती. मला राहवेना.

"बुवा, आता कोणाला बोलावता?"

ते थांबले. जरा लाजले. "बोलावत नाही जी. ते काई येनार नाही." मग पायाखालच्या ओल्या मातीकडे पाहून म्हणाले, "पन जमीन त एकच हाय ना, इथून काबुलपावतर? म्या हाय, एवढं तिले कळलं त पुरे."

ती आमची शेवटची भेट. पुढे काही वर्षांनी बुवा गेल्याचे कोणीतरी सांगितले. मी आता अकोल्याला असतो. पायाखाली माती नाही, शहाबादी फरशी आहे. तरी कधी दुपारी अंगणात उतरतो, चप्पल काढतो, आणि कोणी पाहत नाही असे बघून एकदा टाच आपटतो.